कप्पे पाण्यासाठी की माणसांसाठी?
अंतराळयानाच्या खेळांतील मोडतोड, भूमिकाविभाजन आणि आपली समीक्षा

खेळ ही समीक्षेची वस्तू होऊ शकते काय, हा प्रश्न मराठीत फारसा विचारला जात नाही. विचारला गेलाच तर उत्तर आधीच ठरलेले असते, आणि ते दोन प्रकारचे असते. पहिले उत्तर जुन्या घराण्याचे : खेळ ही करमणूक, साहित्य ही साधना, तेव्हा दोहोंची गाठ घालण्याचे कारण नाही. दुसरे उत्तर नव्या पिढीचे आणि वरवर उदार आहे. खेळालाही कथा असते, पात्रे असतात, संघर्ष असतो; म्हणून कथनमीमांसेची जी हत्यारे आपण कादंबरीसाठी परजली तीच येथे चालवावीत, असे ते सांगते. पहिले उत्तर निदान प्रामाणिक आहे, कारण दार लावून घेतल्याचे ते कबूल करते. दुसरे उत्तर दार उघडते, पण आत येणाऱ्या पाहुण्याला त्याचे कपडे उतरवून आपले कपडे घालायला लावते. प्रस्तुत लेखाचा रोख या दुसऱ्या उत्तरावर आहे. त्याच्याच पाठीला पाठ लावून उभे असलेले एक तिसरे उत्तरही आहे. त्याचा समाचार ओघात घेतला जाईल.

उदाहरणादाखल अंतराळयानाचा खेळ घेऊ. पडद्यावर किंवा पटावर एक यान आहे, त्यात काही खलाशी आहेत, समोर शत्रूचे यान आहे. कथनवादी समीक्षक येथे काय पाहतो? प्रवास पाहतो, घर सोडणे आणि परतणे पाहतो, अज्ञाताची भीती पाहतो. फार तर वसाहतवादाचे रूपक पाहतो. हे सगळे यानाच्या खोक्यावरील चित्रावरूनही सांगता आले असते. जे खेळल्याशिवाय कळत नाही, ते त्याच्या दृष्टीस पडत नाही. शत्रूचा गोळा लागला की नेमके काय मोडते? मोडलेले दुरुस्त कोण करतो? तो दुरुस्तीला गेला की त्याची जागा कोण घेतो, आणि घेऊ शकतो काय? अशा खेळाच्या नियमपुस्तकात दोन कोष्टके बहुधा असतात : एक हानीचे, दुसरे माणसांच्या कामांचे. माझे प्रतिपादन असे आहे की ही दोन कोष्टके म्हणजेच त्या खेळाची संहिता होय. यानाचे नाव, शत्रूची दुष्टता, ताऱ्यांची पार्श्वभूमी हे सारे त्या संहितेचे मुखपृष्ठ आहे.

या दोन कोष्टकांचा एक इतिहास आहे आणि तो वाचण्याजोगा आहे. १९६२ साली मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'स्पेसवॉर' हा खेळ संगणकावर उभा केला. त्यात दोन याने होती, पण खलाशी नव्हते. यान एक तर होते किंवा नव्हते. त्याला जखम होत नसे, मरणच येई. १९७१ साली माइक मेफिल्ड याने 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणी मालिकेवरून अक्षरांच्या पडद्यावरचा खेळ लिहिला, आणि त्याच्या पुढे प्रसृत झालेल्या आवृत्त्यांत एक विलक्षण गोष्ट आली. तेथे यान एकसंध वस्तू राहिले नाही. इंजिन, जवळचे आणि दूरचे संवेदक, शस्त्रे, संरक्षक आवरण अशा यंत्रणांची ती यादी झाली, आणि प्रत्येक यंत्रणा स्वतंत्रपणे बिघडू लागली. त्या यादीत हानीचा अहवाल देणारी यंत्रणाही होती. तीच बिघडली की काय बिघडले आहे हेसुद्धा खेळाडूला कळेनासे होई. ज्ञानाचे साधन हे ज्ञेय वस्तूइतकेच नाशवंत आहे, ही जाणीव आपल्या आधुनिक कादंबरीला यायला बराच काळ लागला. येथे ती एका नियमाने आणली आहे. कथनवादी समीक्षकाला येथे 'अविश्वसनीय निवेदक' दिसेल आणि तो समाधानाने घरी जाईल. पण येथे निवेदक नाहीच. एक यंत्रणा आहे, आणि ती दुरुस्त होऊ शकते.

तरीही या खेळात माणूस नव्हता. १९७९ च्या 'स्टार फ्लीट बॅटल्स' या पटावरच्या खेळातही यान म्हणजे कागदावरचा चौकटींचा आराखडा. दोन फासे टाकायचे, हानिवाटपाच्या तक्त्यात पाहायचे आणि एकेक चौकट खोडायची. हानी मोठ्या बारकाईने वाटली जाते, परंतु ती सोसणारी व्यक्ती दिसत नाही. जमाखर्चाच्या वहीसारखी ही शैली आहे. तिचे स्वतःचे सौंदर्य आहे हे मी नाकारत नाही.

माणूस ठसठशीतपणे आला तो २०१२ च्या 'एफटीएल' या खेळात. जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस या दोघांनी तो रचला. हा खेळ आपल्या विद्यापीठांच्या वसतिगृहांतही खेळला जातो, म्हणून तो जरा सविस्तर पाहू. यानाचा आडवा छेद आपल्याला वरून दिसतो. त्यात खोल्या आहेत : सुकाणूची, इंजिनाची, शस्त्रांची, प्राणवायूची, उपचारांची. गोळा ज्या खोलीवर पडतो तेथील यंत्रणा बिघडते; आग लागते, भगदाड पडते, हवा निघून जाते. दुरुस्तीसाठी कोणीतरी त्या खोलीत स्वतः जाऊन उभे राहावे लागते. आग विझवण्याचा एक मार्ग म्हणजे बाहेरची दारे उघडून त्या भागातली हवाच काढून टाकणे. हवा गेली की ज्वाळा मरतात, आणि आत कोणी असेल तर तोही गुदमरू लागतो. दारे कोणती उघडायची हे खेळाडू ठरवतो. शोकात्म संघर्षावर आपण जी व्याख्याने देतो त्यांतली बरीचशी या एका नियमात सामावलेली आहेत, आणि येथे निर्णय प्रेक्षकाला घ्यावा लागतो.

मात्र याच खेळात दुसरे कोष्टकही आहे, आणि खरी मेख तेथे आहे. खलाशी निरनिराळ्या वंशांचे आहेत. एंजी नावाचा यांत्रिक वंश दुरुस्ती दुप्पट वेगाने करतो, पण लढताना त्याचा मार निम्मा असतो. मँटिस हा कीटकसदृश वंश दीडपट मारतो, दुरुस्ती मात्र निम्म्या वेगाने करतो. खडकासारखा वंश आगीत जळत नाही, अधिक जखमा सोसतो आणि संथ चालतो. झोल्टान वंशाचा खलाशी नुसता खोलीत उभा राहिला तरी यंत्रणेला शक्ती पुरवतो. त्याचे असणे हेच त्याचे काम. कोणालाही कोणत्याही कामाला मनाई नाही. मँटिसला दुरुस्तीला पाठवता येते, एंजीला लढायला लावता येते. अनुभवाने कौशल्यही वाढते. फक्त जन्माबरोबर आलेला गुणक कायम राहतो.

मनाई नाही, गुणक आहे. हे वाक्य ज्याला ओळखीचे वाटत नाही त्याने आपल्या समाजाचा गेल्या ७५ वर्षांचा इतिहास पुन्हा वाचावा. कायद्याने दार उघडे आहे. आत गेलेल्याचा वेग मात्र आधीच ठरवून ठेवलेला आहे. जुन्या व्यवस्थेचे नाव मनाई होते, नव्या व्यवस्थेचे नाव 'स्वाभाविक कल' असे आहे. त्या खेळाच्या कर्त्यांच्या मनात भारतीय जातिव्यवस्था असण्याचे काही कारण नव्हते, हे मला पुरते ठाऊक आहे. कर्त्याच्या हेतूने संहितेचा अर्थ बांधला जात नाही, हे आपण पहिल्याच वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. खेळापुरते ते विसरण्याचे कारण नाही.

आता तिसऱ्या उत्तराकडे वळू. ते रूपवाद्यांचे आहे. नॉर्वेचा एस्पेन आर्सेथ, ज्याच्या १९९७ च्या 'सायबरटेक्स्ट' या ग्रंथाने या क्षेत्राला शिस्त आणली, त्याने २००४ मध्ये असे प्रतिपादन केले की लारा क्रॉफ्ट या नायिकेचे शरीर कसे आहे याला खेळाच्या दृष्टीने महत्त्व नाही. शरीर वेगळे असते तरी खेळणे तेच राहिले असते. बुद्धिबळातला उंट लाकडाचा असो वा हस्तिदंताचा, तो तिरकाच चालणार. कथनवाद्यांच्या आक्रमणापुढे हा युक्तिवाद उपयोगी होता आणि त्यांना तो झोंबलाही. परंतु त्याच्या मुळाशी एक गृहीतक आहे : नियम म्हणजे शुद्ध रूप आणि बाकी सगळा रंग. 'एफटीएल'मधल्या वंशाला हे लागू होत नाही, कारण तेथे वंश रंगात नाही, गुणकात आहे. खलाशाचे चित्र बदलून त्या जागी ठिपका ठेवला तरी 'हा ठिपका जन्मतः निम्म्या वेगाने दुरुस्ती करतो' हे विधान शाबूत राहते. किंबहुना चित्र काढून टाकल्यावर ते अधिक उघडे पडते.

रूपवादाची मराठी आवृत्ती आपल्याला मर्ढेकरांमुळे परिचित आहे. 'सौंदर्य आणि साहित्य' मध्ये त्यांनी संवाद, विरोध आणि समतोल असे लयीचे नियम मांडले. योगायोग असा की खेळ रचणाऱ्यांचा सगळ्यांत लाडका शब्दही समतोल हाच आहे. वंशागणिक गुणक का, असे विचारले की उत्तर येते : समतोलासाठी. जो दुरुस्तीत निपुण तो लढाईत दुबळा. एकाला येथे दिले म्हणून तेथे काढून घेतले. रचना म्हणून हे देखणे आहे. पण समतोल कोणाच्या नजरेने? तक्ता वरून पाहणाऱ्याला समतोल दिसतो. ज्याच्या वाट्याला 'निम्मा' आला त्याला निम्माच दिसतो. गावगाड्याचे समर्थनही याच शब्दात होत आले आहे. प्रत्येकाला काम, प्रत्येकाला बलुते, कोणी कोणाच्या कामात हात घालत नाही, गाडा चालतो. मर्ढेकरांचा समतोल कलाकृतीच्या अंतर्गत घटकांचा होता; तो जसाच्या तसा माणसांच्या मांडणीवर ठेवला की सौंदर्यशास्त्राचे समाजशास्त्र होते, आणि तेही न सांगता.

येथे कथनवादी मित्र म्हणतील की मग तुम्ही आमच्याकडेच आलात, तुम्हीही आशयच वाचता आहात. तसे नाही. नियम बदलला की कथा तीच राहूनही अर्थ बदलतो, हे दाखवायला अंतराळात जाण्याची गरज नाही; अमरावतीच्या मैदानावर ते सिद्ध करता येते. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही १९१४ साली स्थापन झालेली येथील संस्था, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, कबड्डीचीही. या कबड्डीचे तीन प्रकार जाणकारांना माहीत आहेत : संजीवनी, गामिनी आणि अमर. मैदान तेच, चढाई तीच, पकड तीच, दमही तोच. फरक केवळ हानीच्या नियमात. संजीवनीत बाद झालेला खेळाडू, आपल्या संघाने प्रतिपक्षाचा गडी बाद केला की परत जिवंत होतो. गामिनीत बाद झालेला बाहेरच बसतो, सगळा संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत. अमरमध्ये बाद झालेला जागचा हलत नाही; हानी फक्त गुणफलकावर लिहिली जाते.

या तीन शब्दांवर कोणा मराठी समीक्षकाने प्रबंध लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही, याचे मला खरोखर नवल वाटते. हानीचे संपूर्ण तत्त्वज्ञान या तीन नावांत आहे. अमर म्हणजे ज्या यानाला लागलेला गोळा केवळ आकडा कमी करतो, काम करण्याची क्षमता मात्र शेवटपर्यंत अबाधित ठेवतो; बहुतेक बाळबोध अंतराळखेळ या जातीचे आहेत. गामिनी म्हणजे जेथे हरपलेले परत येत नाही आणि प्रत्येक हानीबरोबर पुढची हानी अधिक सोपी होत जाते. गणितात ज्याला घसरण म्हणता येईल ती. संजीवनी म्हणजे जेथे एकाचे परतणे दुसऱ्याच्या पराक्रमावर अवलंबून असते. तिन्हींची 'कथा' एकच सांगता येईल : दोन संघ, एक रेषा, एक श्वास. कथनमीमांसेला या तिघांत फरक करता येत नाही. खेळाडूला करता येतो, आणि तो त्याच्या जिवाचा फरक असतो.

आणखी एक. कबड्डीतही भूमिका आहेत : कोपरारक्षक आहेत, मध्यरक्षक आहेत, चढाईचे गडी आहेत. पण सात जणांतले तीन बाहेर गेले की उरलेल्या चौघांना साऱ्या रेषा सांभाळाव्या लागतात. चढाईत नावाजलेल्या गड्यालाही प्रतिपक्षाची चढाई आली की साखळीत हात धरून उभे राहावेच लागते. आजच्या नियमांत बचावाला तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना पकड साधली तर एक गुण अधिक मिळतो. मोडकळीला आलेल्या संघाला नियम स्वतःहून हात देतो. हानी येथे भूमिकांच्या भिंती पाडते. हा नियम कोणी 'समतोलासाठी' आणला असेल तर त्या समतोलाला माझा आक्षेप नाही, कारण तो जन्माकडे पाहत नाही. या क्षणी मैदानावर किती जण उरले आहेत तेवढेच पाहतो.

देशीवादी मित्रांना एव्हाना आनंद झाला असेल : पाहा, आपल्या मातीतल्या खेळातच सारे आहे. त्यांचा आनंद मी फार टिकू देणार नाही. याच मातीत दुसरे एक यानही होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली आपल्या ग्रंथाला 'गावगाडा' हे नाव दिले तेव्हा गाव हे एक वाहन आहे आणि बलुतेदार हे त्याचे चालक, ही प्रतिमा मराठीत कायमची रुजली. आता हानीचे कोष्टक या गाड्याला लावून पाहा. गावात मोडतोड झाली, जनावर मेले, चोरी झाली, शिवेचा तंटा उठला, तर ती निस्तरण्याचे काम कोणाकडे? वेसकराकडे, महाराकडे; आणि ते वतन म्हणून, म्हणजे जन्माने. नांगर सुताराने दुरुस्त करायचा, फाळ लोहाराने शेवटायचा, हे आपण कौतुकाने वर्णितो. परंतु व्यवस्थेची खरी हानिनियंत्रक यंत्रणा, तिची घाण आणि तिचे प्रेत उचलणारी यंत्रणा, एका जातीच्या खांद्यावर होती, आणि त्या जातीला सुकाणूच्या खोलीत प्रवेश नव्हता. १९२७ च्या महाड परिषदेत मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडण्याचा विचार पुढे आला तेव्हा जो क्षोभ उसळला तो याचा पुरावा आहे. हानी निस्तरणाऱ्याने काम नाकारले, आणि इतरांना ते येत नव्हते असे नाही. ते त्यांनी करायचे नव्हते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी याच अमरावतीत परिषद भरली आणि तिचे अध्यक्ष आंबेडकर होते. दार कोणी उघडायचे हा प्रश्न येथे पडद्यावरचा नव्हता.

आंबेडकरांचे नाव मी येथे ओघाने घेतलेले नाही. लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी लिहिलेले आणि अखेर न झालेले, त्यांनी १९३६ साली स्वतः छापलेले जे भाषण आहे, त्यात जातिव्यवस्था म्हणजे केवळ श्रमाची विभागणी असल्याचा दावा ते खोडून काढतात. ती श्रमिकांचीच विभागणी आहे, असे ते दाखवतात. आणि तेथे ते जी प्रतिमा वापरतात ती जहाजाची आहे : पाणी शिरू न देणाऱ्या बंद कप्प्यांची. आंबेडकरांच्या गद्याचा अभ्यास करणाऱ्यांनी या प्रतिमेकडे विचारगर्भ रूपक म्हणून पाहिले पाहिजे. ती नुसती वक्तृत्वाची लकब नाही. जहाजाला बंद कप्पे असतात ते पाणी अडवण्यासाठी. एका भागात भगदाड पडले तरी बाकीचे कोरडे राहावेत, एवढेच त्यांचे प्रयोजन. 'टायटॅनिक'ला असे १६ कप्पे होते. पुढचे चार भरले तरी ते तरंगले असते. १९१२ च्या त्या रात्री चारांहून अधिक फुटले, आणि भिंती पुरेशा उंच नसल्याने पाणी एकातून दुसऱ्यात सांडत गेले. तात्पर्य, कप्पा हा हानीविरुद्धचा उपाय आहे. जातिव्यवस्थेने काय केले? पाण्यासाठी असलेला कप्पा माणसांसाठी वापरला. परिणामी भगदाड पडले तेव्हा बुजवायला हात एका कप्प्यात आणि भोक दुसऱ्या कप्प्यात, अशी अवस्था झाली. अंतराळयानाचा खेळ रचणाऱ्याला नेमका हाच निर्णय घ्यावा लागतो. दारे त्याला हवीच आहेत, नाहीतर आग पसरेल. पण माणसाच्या हालचालीवर आणि शिकण्यावर दार बसवायचे की नाही, हे त्याने ठरवायचे असते.

आणि वेगळा निर्णय घेता येतो, हे काही कर्त्यांनी दाखवलेही आहे. १९७७ च्या 'ट्रॅव्हलर' या खेळात चालक, दिशादर्शक, अभियंता, तोफची, वैद्य अशा यानावरच्या जागा आहेत. पण त्या पात्राच्या पूर्वायुष्यातील नोकरीतून आणि शिक्षणातून येतात. तुम्ही काय केलेत त्यावरून तुम्ही कोण आहात हे ठरते. व्लादा ख्वाटिल या चेक रचनाकाराच्या २००८ च्या 'स्पेस अ‍ॅलर्ट'मध्ये तर कोणी काय करावे हे तो त्या क्षणी कोणत्या कक्षात उभा आहे यावरून ठरते. घाईत एक जण चुकीच्या कक्षात गेला की सगळ्यांचा बेत कोसळतो. २०१० च्या 'आर्टेमिस'मध्ये सुकाणू, शस्त्रे, अभियांत्रिकी, विज्ञान, संपर्क यांच्यापुढे आपापले पडदे आहेत आणि कप्तानापुढे मात्र एकही यंत्र नाही. त्याच्याकडे फक्त आवाज आहे. सत्तेचे इतके नेमके वर्णन करणारी राजकीय कादंबरी मराठीत शोधावी लागेल. या सगळ्या परंपरेचे उगमस्थान मानल्या जाणाऱ्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळानेही, दीर्घकाळ चालत आलेली वंशागणिक अंगभूत गुणांची वाढ २०२४ च्या नियमपुस्तकात वंशाकडून काढून पात्राच्या पूर्वजीवनाशी जोडली. दीर्घ काळाने एक कोष्टक बदलले. कथा बदललेली नाही. एल्फ आणि बुटके तेथे अजून आहेत. तरीही त्या बदलावर खेळाडूंत केवढे वादंग झाले! ज्या नियमांना अर्थ नसतो त्यांच्यावरून माणसे भांडत नाहीत.

येथे एक सावधगिरी मला बाळगावी लागते, कारण माझेच म्हणणे सोयीस्करपणे वापरले जाण्याचा धोका आहे. भूमिकांच्या भिंती पडणे हे नेहमीच मुक्तीचे लक्षण नसते. मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी शकुंतला वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. मोजक्या माणसांवर ती चालत असे : डबे सोडवणे-जोडणे, इशारे देणे, तिकिटे विकणे, सारे तेच मूठभर लोक हातांनी करीत. त्या गाडीवर आपल्याकडे बरेच हळवे लेखन झाले आहे. पण त्या माणसांना सर्व कामे येत होती म्हणून त्यांनी ती केली असे म्हणणे अर्धवट आहे. दुसरे कोणी नेमलेच नव्हते म्हणून त्यांनी ती केली. महाविद्यालयांतल्या तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांना हा मुद्दा विस्ताराने समजावण्याची गरज नाही. अध्यापन, परीक्षा, मूल्यांकनाच्या फायली, स्नेहसंमेलनाचे मंडप या सर्व कक्षांत एकच माणूस धावतो, आणि त्याला बहुआयामी म्हणतात. तेव्हा भूमिकाबदल हानीने भाग पाडला आहे की माणसांची संख्याच कमी ठेवून घडवला आहे, हेही कोष्टकातच पाहावे लागते. यानात सहा कक्ष आणि तीन खलाशी हा निसर्गनियम नव्हे. कोणीतरी तो आकडा लिहिला आहे.

आणखी एका आक्षेपाला उत्तर देणे आवश्यक आहे. इयन बोगोस्ट याने २००७ मध्ये मांडले की नियम हे स्वतःच एक प्रकारचे वक्तृत्व असते. खेळ युक्तिवाद करतो तो आपल्या प्रक्रियांतून. माझे ऋण स्पष्ट आहे. यावर २०११ मध्ये मिगेल सिकार्टने उलट मांडणी केली : अर्थ नियमांत साठवलेला नसतो, खेळणारा तो आपल्या खेळण्यातून घडवतो. म्हणजे कोणी 'एफटीएल' केवळ मानवी खलाशांसह खेळेल, कोणी मुद्दाम मँटिसकडून दुरुस्ती करवील, आणि त्यातून नवाच अर्थ निपजेल. वाचककेंद्री समीक्षेला हे गोड वाटेल. माझे म्हणणे इतकेच की बंडखोर वाचनाची किंमत प्रत्येक संहितेत सारखी नसते. कादंबरी प्रवाहाविरुद्ध वाचली तर पान फाटत नाही. येथे मँटिसला दुरुस्तीला धाडले की प्राणवायू निम्म्या वेगाने परत येतो, आणि तेवढ्यात इतर मरतात. विरोधी वाचनाला दंड लावणारी ही संहिता आहे, आणि दंडाची रक्कम तिने आधीच छापून ठेवली आहे. अशा संहितेपुढे 'वाचक स्वतंत्र आहे' असे म्हणणे म्हणजे वतनदारीत राहूनही महाराला शाळेत जायला कोणी अडवले होते, असे विचारण्यासारखे आहे.

हे सगळे कोणासाठी? अकोल्याच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने अंतराळयानाच्या खेळाचा मराठी आराखडा रचला आणि त्यावर समीक्षात्मक लघुप्रबंध लिहिण्याचे ठरवले. विषय संबंधित समितीपुढे गेला आणि 'वाङ्मयीन नाही' या शेऱ्यासह परत आला. त्या समितीतल्या एका ज्येष्ठांनी सहानुभूतीने सुचवले की खेळाऐवजी मराठी विज्ञानकथेतील अंतराळप्रवास हा विषय घ्यावा. सूचना सद्हेतूने केलेली होती, आणि तीच तिची अडचण. मराठी विज्ञानकथेत यान हे बहुधा पोहोचण्याचे साधन असते. ते दुरुस्त करणारा हात तेथे क्वचितच पात्र होतो. ज्या प्रश्नामुळे त्या मुलाला हा विषय सुचला तो प्रश्न सुचवलेल्या विषयात शिरतच नाही.

त्याचा आराखडा मी पाहिला आहे. पदांची नावे त्याने कोकणच्या दर्यावरून आणली : नाखवा, तांडेल, सुकाणी, सारंग. परकी नावे चिकटवण्यापेक्षा हे शतपटीने बरे, आणि ही नावे पदांची आहेत, जन्माची नाहीत, हेही त्याने अभावितपणे साधले. पण पुढच्या पानावर सात वंश होते आणि त्यांतल्या एका वंशापुढे लिहिले होते : दुरुस्ती दुप्पट. असे का, म्हणून विचारले तर म्हणाला, "सर, वंशांत फरक नसला तर खेळाडूनं कोणाला निवडायचं तरी कसं?" हा प्रश्न खरा आहे. फरकाशिवाय निवड नाही आणि निवडीशिवाय खेळ नाही. समितीने त्याला हा प्रश्न विचारू दिला असता तर त्याला उत्तरे शोधावी लागली असती : फरक शिक्षणातून येऊ शकतो, यानावर घालवलेल्या काळातून येऊ शकतो, जखमेतून येऊ शकतो, एकाने दुसऱ्याला शिकवण्यातून येऊ शकतो. दोन खलाशी एकाच कक्षात काही फेऱ्या एकत्र उभे राहिले तर एकाचे कौशल्य दुसऱ्याकडे जावे, असा एक नियम आम्ही दोघांनी मग त्या आराखड्यात लिहून पाहिला. तो चालवून पाहिल्यावर खेळ पहिल्यापेक्षा अवघड झाला, कारण शिकवण्यासाठी दोघांना एका जागी ठेवले की दुसरा कक्ष ओस पडतो, आणि गोळे तोवर थांबत नाहीत. शिकवण्याचा वेळ कोणत्या कक्षाच्या वाट्यातून काढायचा, हे अद्याप ठरलेले नाही. चाचणीचे तक्ते विभागात ठेवलेले आहेत. ज्यांना 'वाङ्मयीन नाही' हा शेरा योग्य वाटतो त्यांनी एकदा येऊन ते खेळून पाहावेत आणि मग लिहावे.